वाघबिळापासून पुढचा चढ

चि. ... यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग तिहेरी शर्यतीसाठी तू करतोस त्या गेल्या सहा आठवड्यांच्या सरावाची नोंद मी दोनदा वाचली. कष्टात तू कोठेही कमी पडलेला नाहीस. कमी आहे तो संथपणा. सायकलने पन्हाळ्याला जाताना वाघबिळाला वळलास की दर रविवारी तू मागच्या खेपेला लागलेल्या वेळेशी झुंजतोस आणि मंगळवारचे हलके म्हणून ठरवलेले धावणेही त्याच ईर्ष्येने उरकतोस. त्यामुळे गुरुवारी, जेव्हा खरोखर जोर लावायचा असतो, तेव्हा पायांत काही शिल्लक राहत नाही.

३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणे, एवढे अंतर शरीर कापते ते प्राणवायूच्या आधारे, चरबी आणि साखर दोन्ही जाळत. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होणे आणि पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढणे, यांवर ही ताकद उभी राहते आणि त्याला महिनोन्‌महिने केलेला मंद सराव लागतो. म्हणून आठवड्यातील सुमारे ८० टक्के वेळ, सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतकाच वेग ठेव. उरलेल्या वेळात मात्र कसर ठेवू नकोस. आपल्या कोल्हापुरात हे नवे नाही. तालमीतला वस्ताद नव्या पोराकडून आधी हौद्यातली माती उकरून घेतो, जोर-बैठका मारून घेतो. खासबागेच्या कुस्ती-मैदानाची घाई तो त्याला करू देत नाही.

खाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तेथे मी स्वतः चुकलो आहे. माझ्या पहिल्या अर्ध्या अंतराच्या शर्यतीत सायकलवर दीड तास मी पाण्याखेरीज काही घेतले नाही, कारण भूकच लागली नव्हती. पुढे धावताना चौदाव्या किलोमीटरला बोटे अशी थरथरू लागली की बाटलीचे झाकण फिरवता येईना. शेवटी पाणी देणाऱ्या मुलीने ते उघडून दिले. स्नायूंतील साखरेचा साठा मर्यादित असतो आणि भूक लागेपर्यंत तो बराच सरलेला असतो. लांब पल्ल्याला तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात, यावरून हिशेब कर. एवढे पचवायला पोटालाही सराव लागतो, म्हणून रविवारी दर वीस मिनिटांनी केळे, मीठ लावलेला उकडलेला बटाटा किंवा लिंबू-मीठ घातलेले गुळाचे पाणी घे आणि काय सोसले, काय नाही, ते वहीत लिही. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ तोंडात घालू नकोस.

राजाराम तलावात एकट्याने उतरू नकोस. दर सात-आठ हात मारल्यावर डोळे पाण्याबाहेर काढून दिशा पाहण्याची सवय लाव; वाकडे पोहून वाढलेले अंतरही तुलाच कापायचे असते.

मनाची तयारी वेगळी करावी लागते असे मला वाटत नाही. मागचा सायकलस्वार पुढे निघून जात असताना आपला वेग न वाढवणे, हीच ती तयारी आहे आणि तुला सर्वांत जड जाणार आहे तीही हीच.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला मी सोबत येतो. घड्याळ घरी ठेव. वाघबिळापासून हलका गिअर लाव, माझ्या मागे राहा आणि गडावर पोहोचेपर्यंत माझ्याशी बोलत राहा; बोलणे तुटले की आपण वेग कमी करू.

कळावे.