आमच्या जिल्ह्यात 500 मेगावॉटचा आधुनिक गॅस वीज प्रकल्प उभारला तर लोडशेडिंग संपेल का?

गॅस प्रकल्पाचा विषय निघाला की कुणीतरी 'एन्रॉन विसरलात का?' असं विचारतंच, म्हणून त्या अमेरिकी कंपनीच्या कोकणातल्या दाभोळ वीज प्रकल्पापासूनच सुरुवात करतो. एन्रॉनच्या ताब्यात असताना दाभोळचा प्रकल्प गॅसवर चाललाच नाही. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तो नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासूनच्या द्रव इंधनावर, आणि एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला गॅस) उतरवायचं टर्मिनल पुरं होण्याआधीच 2001 मध्ये सगळं बंद पडलं. आपल्याला बुडवलं ते करारानं. वीज घ्या नाहीतर नका घेऊ, स्थिर आकार भरायचाच, आणि दर डॉलरशी बांधलेला. त्यात टर्बाइनचा काय दोष?

माझी उमेद गॅस टर्बाइनच्या कंट्रोल रूममध्ये गेली. माझे साडू कोळशाच्या केंद्रात, 210 मेगावॉटच्या सेटवर. दर लग्नकार्यात पंगतीला बसलो की त्यांचं ठरलेलं वाक्य: "तुमचं कसलं पॉवर स्टेशन? ना कोळसा, ना राख. पांढरा हत्ती पोसलाय सरकारनं."

एका पावसाळ्यात ऐन संध्याकाळी ग्रिड पडलं. आमची मशीन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, त्यांचीही. आमच्याकडे डिझेल सेट उचलला, टर्बाइन फिरवायला घेतलं, पर्जिंग झालं, म्हणजे आत साचलेला गॅस हवेनं बाहेर काढला, आणि फ्लेम लागली. त्या वेळी सगळे काट्याकडे बघत गप्प उभे असतात. 3000 आरपीएमला मशीन स्थिरावलं, बस (केंद्रातली मुख्य वीजवाहिनी) चार्ज केली, आणि लोड डिस्पॅचनं, म्हणजे ग्रिड सांभाळणाऱ्या नियंत्रण केंद्रानं, आमच्याच विजेवर लाइन चार्ज करत पुढच्या केंद्रांना स्टार्टअप पॉवर पोचवली. कोळशाच्या केंद्राला स्वतःचे पंखे, पंप, मिल फिरवायलाच काही मेगावॉट बाहेरून लागतात. साडूंचा सेट लाइनवर आला तो दुसऱ्या दिवशी. पुढच्या लग्नात मी हा विषय काढला तर त्यांनी जिलबी मागवली.

आता तुमच्या प्रश्नाकडे. जागा आणि परवानग्या हातात असतील तर कम्बाइन्ड सायकल प्रकल्प अडीच-तीन वर्षांत उभा राहतो. टर्बाइनमधून 600 अंशांच्या आसपास तापलेला धूर निघतो, त्यावर वाफ करून दुसरं टर्बाइन चालवायचं. नव्या मशीनची कार्यक्षमता अशी 60 टक्क्यांपर्यंत जाते. कोळशाला चाळिशी गाठताना धाप लागते. राखेचा बंधारा नको, वॅगनची वाट बघणं नको.

पण गॅस? उरणचं केंद्र 672 मेगावॉटचं, बॉम्बे हायचा गॅस किनाऱ्यावर तिथेच उतरतो, तरी क्षमतेइतका गॅस त्याला कित्येक वर्षांत मिळालेला नाही. खतांना आधी, घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला आधी, उरला तर विजेला. आमच्याकडे तर प्रेशर उतरायला लागलं की लोड उतरवायचा, चांगलं मशीन बंद करायचं आणि लॉगबुकात 'गॅस नाही' लिहून बसायचं. गॅस कापणाऱ्यांनी कंट्रोल रूम कधी आतून पाहिली असेल असं मला वाटत नाही. देशात आज 20 हजार मेगावॉटच्या आसपास गॅस केंद्रं आहेत आणि बहुतेक वेळ ती गप्प असतात.

आयात एलएनजीवर चालवायचं म्हणाल तर हिशोब सोपा आहे. गॅसचा दर एमएमबीटीयू या उष्णतेच्या मापावर ठरतो, आणि एक एमएमबीटीयू गॅसमधून चांगलं कम्बाइन्ड सायकल केंद्र साधारण 130 ते 150 युनिट काढतं. गॅस 12 डॉलरला पडला तर नुसत्या इंधनाचेच युनिटला सात-आठ रुपये. कोण घेणार ती वीज? तेव्हा पुढाऱ्यांना मेगावॉट विचारू नका. गॅस कुठून, किती वर्षांसाठी, आणि उचलला नाही तरी पैसे भरायचे का, ते विचारा. शिवाय तुमच्याकडचं लोडशेडिंग वीज कमी म्हणून नसेल, फीडर (गावाला वीज पोचवणाऱ्या लाइन) आणि ट्रान्सफॉर्मर यांना भार झेपत नसेल, तर दारात प्रकल्प झाला तरी दिवे जातच राहतील. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं.

आणखी एक. कम्बाइन्ड सायकल थंड पडली असेल तर पूर्ण लोडला यायला काही तास लागतात. झटपट येतं ते नुसतं गॅस टर्बाइन, वाफेचं नाही. शीतकरणाला पाणीही लागतं, कोळशापेक्षा कमी, पण लागतं.

साडूंनी आता छपरावर सोलर बसवलंय. संध्याकाळी सातला सूर्य गेल्यावर ग्रिड कोण सांभाळणार, असं विचारलं तर म्हणतात, कोयनेचं जलविद्युत केंद्र आहे. आहेच, पण कृष्णा पाणीवाटप लवादानं त्याला वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वर्षाला 67.5 टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी वळवू दिलंय. मग म्हणतात, बॅटऱ्या. दोन-चार तास त्या निभावतीलही. श्रावणात आठवडाभर ऊनच पडलं नाही तर त्या भरायच्या कशावर, एवढं मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही.