वॉर्डात हुशार, वर्गात ढ?

मी समुपदेशक आहे. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या बऱ्याच मराठी परिचारिका माझ्याशी ऑनलाइन बोलतात. त्यातल्या ज्यांनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिस’च्या, म्हणजे रुग्ण स्वतः तपासून निर्णय घेण्याच्या कामाच्या, एमएस्सीला प्रवेश घेतलाय, त्यांची तक्रार ठरलेली असते: ‘ताई, वॉर्डात सगळे मला विचारून करतात आणि वर्गात मी अगदी ढ. शिकायचं वय गेलं का माझं?’ आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम करणाऱ्यांकडूनही मी हेच ऐकते. म्हणून अनघाबद्दल लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अनघा मूळची मिरजेकडची, चाळिशी ओलांडलेली. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग पोस्ट बेसिक बीएस्सी ही पदवी, मुंबईत आयसीयू आणि नंतर इंग्लंड. तिथला हा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून साधारण तीन वर्षं चालतो. फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक (रुग्णवाहिकेवरचे), फार्मासिस्टही त्याच वर्गात असतात. 2017 मध्ये हेल्थ एज्युकेशन इंग्लंड या तेव्हाच्या सरकारी संस्थेने ठरवलेल्या चौकटीत या कामाची चार अंगं आहेत: रुग्णसेवा, नेतृत्व, शिकवणं आणि संशोधन. प्रत्यक्षात सगळ्यात जड जातं ते पहिलंच. रुग्ण स्वतः तपासायचा, निदानाच्या शक्यता मांडायच्या आणि निर्णय घ्यायचा. आजवर ज्या टप्प्यावर डॉक्टरांना फोन लावून मोकळं होता येत होतं, तिथेच आता उभं राहायचं.

अनघाचा पहिला निबंध परत आला होता. शेरा होता, ‘वर्णन उत्तम, तर्क दिसत नाही.’

‘नापास झालात, त्यात सगळ्यात जास्त काय लागलं?’ मी विचारलं.

‘वर्गात एक तिशीचा पॅरामेडिक आहे. सरांनी विचारलं की धडाधड बोलतो. मी गप्प. त्याला वाटत असेल, इतक्या वर्षांत ही शिकली काय?’

‘तो असं म्हणाला?’

‘नाही... मलाच वाटतं.’

भावनेला हात घालण्याआधी तिच्यामागचा विचार शोधावा, या मताची मी आहे. अनघाचा विचार दोन-तीन भेटींत सापडला: अनुभवी माणसाने अडखळायचं नाही. अडखळला तर आधीचा अनुभवही खोटा. हा नियम तिचा तिनेच केलेला होता. परिचारिका कौशल्याच्या पायऱ्या कशा चढतात, हे पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये मांडलं. अनोळखी कामात गेलेली तज्ज्ञ परिचारिकाही तिथे नवशिकीच असते, असं त्या सांगतात. अनघाला हे पटलं, पण नुसतं पटून तिची मान वर झाली नाही.

मग मी तिला एखादी रात्र सांगायला लावली, जेव्हा सगळ्यांच्या आधी तिच्या लक्षात आलं.

आतड्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशीचे एक आजोबा. न्यूज स्कोअर, म्हणजे नाडी, श्वास, रक्तदाब वगैरेंवरून तब्येत किती बिघडतेय ते सांगणारा आकडा, तीन. तो पाच झाला की तातडीने डॉक्टर बोलवायचे असतात, म्हणजे कागदावर सगळं बरं. पण रोज गप्पा मारणारे आजोबा एका शब्दात उत्तर देत होते, चादर सारखी ओढत होते. तिने गुडघ्यावर हात ठेवला. गार, आणि कातडीवर जांभळट जाळी. रजिस्ट्रार डॉक्टर येईपर्यंत तिने फोन सोडला नाही. आतड्याच्या जोडातून गळती होऊन सेप्सिस (जंतुसंसर्ग शरीरभर भिनणं) सुरू झाला होता.

‘दुसरं काय असू शकलं असतं?’

‘रक्तस्राव. पण ड्रेनच्या नळीत रक्त नव्हतं, हिमोग्लोबिनही संध्याकाळइतकंच होतं. शुगर लगेच बघितली, ठीक होती. फुप्फुसात गुठळी? ऑक्सिजन चांगला होता म्हणून मागे ठेवलं, पण डोक्यातून काढलं नव्हतं.’

‘हे निबंधात होतं?’

‘नाही. एवढं तर सगळ्यांना कळतं ना.’

‘कळत असतं, तर रजिस्ट्रारला इतकं पटवावं लागलं असतं?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘थांबा ताई, लिहून घेते,’ आणि पेन शोधायला उठली. समुपदेशक म्हणून मला मिळालेल्या समाधानाच्या क्षणांत हा मी फार वर धरते.

इथे मला जे उमगलं ते असं. अडचण वयाची नव्हती, इंग्रजीचीही नव्हती. आपल्या सिस्टर्सना पहिल्या दिवसापासून शिकवतात, काय दिसलं ते नोंदवा आणि ‘डॉक्टरांना कळवलं’ असं लिहा. का कळवलं, मनात काय काय येऊन गेलं, हे लिहायला जागाच नसते. वर्षानुवर्षं विचार करायचा आणि तो झाकून ठेवायचा. नेमका तो झाकलेला विचार हा अभ्यासक्रम मागतो.

तुमचंही असंच होत असेल तर ड्युटी संपल्यावर एक रुग्ण घ्या. नाव-गाव न घेता, मराठीतच, मोठ्याने स्वतःला सांगा: काय खटकलं, काय काय असू शकत होतं, काय कशामुळे मागे पडलं. लिहायचं त्यानंतर. अनघाने असंच केलं. दुसऱ्या खेपेला निबंध पास झाला. वर्गात ती अजूनही कमी बोलते, पण आता तिला त्याची लाज वाटत नाही.

प्रवेश घेण्याआधी अभ्यासाचे तास आणि सुपरवायझर कोण, हे मॅनेजरकडून लेखी घ्या. तोंडी शब्द रोटा, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, लागला की विरतो. आणि फक्त वरच्या बँडसाठी, म्हणजे पगाराच्या वरच्या श्रेणीसाठी, जाऊ नका, हे मी स्पष्टच सांगते. औषध लिहून देण्याचं स्वतंत्र प्रशिक्षण झालं की चिठ्ठीवर सही तुमची असते. ती जबाबदारी मनापासून हवी असेल तरच ही तीन वर्षं निभतात.

मात्र आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कामावर जाताना छाती धडधडत असेल, तर निबंध बाजूला ठेवा. आधी जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) जा आणि विद्यापीठाकडे अभ्यासक्रम काही काळ थांबवण्याची परवानगी मागा. तशी सोय असते, आणि अर्ज करताना सुपरवायझरला बरोबर घ्या.