म्युनिकला घर लगेच घ्यावं का? आधी मुलीची इयत्ता सांगा

तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. उत्तर लांबणार आहे. नवऱ्याला म्युनिकमध्ये नोकरी मिळाली आहे, मुलगी आठ वर्षांची आहे, फ्लॅट विकून थोडे पैसे हाताशी येतील. मग भाड्यात पैसे घालण्यापेक्षा आल्याआल्या घरच घ्यावं का, नवं बांधकाम घ्यावं की जुनं, आणि ‘तिकडे करमतं का’, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, ब्लू कार्ड, पत्ता नोंदवणं, आरोग्यविमा हे सगळं सरकारी पानांवर नीट लिहिलेलं आहे, ते मी परत लिहीत नाही. आम्ही २०१५ च्या सप्टेंबरात आलो. म्युनिकपासून लोकलने चाळीस मिनिटांवर राहतो. घर घेतलं, तेही बांधकाम चालू असलेलं. त्यामुळे हे सगळं आमच्यावर गुदरलेलं आहे.

करमण्याचं आधी उरकून टाकते. पहिलं वर्ष नवलाईत जातं. दुसऱ्या नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडला की जीव घाबरा होतो. तिसऱ्यापासून सवय होते. झालं.

आता घर. ‘आल्याआल्या’ हा शब्द तुम्ही खोडूनच टाका. नवऱ्याचे पहिले सहा महिने प्रोबेत्साइट असेल, म्हणजे नोकरी कच्ची, आणि त्या काळात बँक सहसा कर्जाचं नाव काढू देत नाही. दुसरं म्हणजे घराच्या किमतीपेक्षा वरखर्चाचा हिशेब आधी करा. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, खरेदीवरचा कर ३.५ टक्के आहे. नोटार, म्हणजे खरेदीचा करार करून देणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ, आणि ग्रुंडबुख, म्हणजे मालकीची सरकारी नोंदवही, यांचे मिळून दीड ते दोन टक्के. मध्ये दलाल असला तर त्याचे बहुतेकदा ३.५७ टक्के. ५ लाख युरोंच्या घरावर ४० ते ४५ हजार युरो असे निघून जातात, तेही खिशातले, कारण बँक शक्यतो घरापुरतंच कर्ज देते. बायर्न त्यातल्या त्यात स्वस्त, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्यात नुसता करच ६.५ टक्के आहे. आणि तीन वर्षांनी ‘नको बाई, परत जाऊ’ म्हणालात तर यातला एक छदाम परत मिळत नाही. वर, व्याजदर जितक्या वर्षांसाठी बांधला ती मुदत संपण्याआधी कर्ज फेडलं म्हणून बँक दंड घेते तो वेगळा.

व्याजाची एक गोष्ट मात्र मला कुणीतरी वेळेत सांगायला हवी होती. दर किती वर्षांसाठी बांधून घ्यायचा ते आपण ठरवतो. आम्ही २०१८ साली पावणेदोन टक्क्यांनी दहाच वर्षांसाठी बांधला, कारण पंधरा वर्षांचा दर थोडा जास्त होता आणि आम्हाला शहाणपणा सुचला. कायदा असा आहे की पंधरा किंवा वीस वर्षांसाठी दर बांधला तरी दहा वर्षांनंतर सहा महिन्यांची नोटीस देऊन तुम्ही दंडाशिवाय मोकळे होऊ शकता. बँक तसं करू शकत नाही. म्हणजे लांब मुदतीत धोका सगळा तिचा. आमची मुदत २०२८ ला संपते आणि आज दर साडेतीनच्या पुढे आहेत. नवरा या विषयावर बोलत नाही.

नोटारकडे गेलात की तो अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतो. तसा कायदाच आहे. भाषा येत नसेल तर दुभाषी बसवावा लागतो. आम्ही ‘येते की आता’ म्हणून दुभाषी घेतला नाही. तास-सव्वा तास तो गृहस्थ बातम्या वाचाव्यात तसं वाचत होता आणि मी दर चार वाक्यांनी मान डोलवत होते. निम्मंसुद्धा कळलं नव्हतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी सही मी लाजेपोटी केली, हे पहिल्यांदाच कुठेतरी लिहिते आहे. बिल्डरकडून घेत असाल तर मसुदा चौदा दिवस आधी मिळायला हवा. मिळाला की कुणा जाणकाराकडून ओळ न् ओळ समजून घ्या.

नावाचं तर विचारूच नका. आपल्या पासपोर्टात लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव असतं. इथे ‘मधलं नाव’ हा प्रकार नाही, ते तुमचंच दुसरं नाव धरतात. तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला पुरुषाचं नाव का ठेवलं, असं मला एका कचेरीत अगदी मनापासून विचारलं होतं. आमच्या ग्रुंडबुखात नवऱ्याचं नाव दोनदा आहे, एकदा त्याचं म्हणून आणि एकदा माझ्यात. जमलं तर निघण्यापूर्वी पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि जन्मदाखला यांतली स्पेलिंगं तरी एकसारखी करून घ्या.

धाकटी २०१६ साली इथे जन्मली. तिच्या जन्मदाखल्यासाठी आम्ही आमचे दोघांचे दाखले अपोस्टीलचा, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का मारून आणलेले होते. मोठ्या ऐटीत फाइल पुढे केली. कचेरीतल्या बाईंनी शिक्का पाहिला, फाइल मिटली आणि म्हणाल्या, हे आम्हाला चालत नाही. खरंच चालत नाही. २००५ साली भारत अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती. मग दाखले पडताळणीसाठी उलट भारतात, जर्मन वकिलातीमार्फत. तिथे नेमलेला माणूस गावोगावच्या कचेऱ्यांत जाऊन जुनं रजिस्टर उघडतो आणि तुम्ही खरोखर जन्मला होतात का ते बघतो. खर्च आपला. आमचे अकरा महिने गेले. तोवर मुलीला जो कागद मिळाला त्यावर आईवडिलांची ओळख सिद्ध नाही अशी ओळ होती. अंगावर दूध पिणारं पोर आणि आई कोण ते सिद्ध नाही! याच अकरा महिन्यांत मोठ्या मुलाचं तिसरीचं वर्ष कधी सरलं ते मला कळलं नाही. त्यावर पुढे येतेच.

नवं की जुनं. नवं बांधकाम कागदावर छान दिसतं. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे असतात, जमीन खणायला लागले की पहिला मोठा हप्ता, मग ढाचा, छत, असं. आमचं घर सात महिने रखडलं. त्या काळात भाडं चालू, उचललेल्या कर्जावर व्याज चालू, आणि न उचललेल्या रकमेवरही बँक दरमहा पाव टक्का लावते, ते आम्हाला पहिलं पत्र आल्यावर कळलं. म्हणून कर्ज घेताना ‘किती महिने हे लागणार नाही’ ते आधी विचारा. मग भिंतीत प्लगचे पॉइंट किती, दार कुठलं, टाइल कुठली हे निवडायला बोलावतात, आणि करारातल्यापेक्षा एक जरी पॉइंट वाढवलात तरी त्याचे पैसे वेगळे. स्वयंपाकघर घरात धरलेलंच नसतं. भाड्याच्या घरातही बऱ्याचदा नसतं, आधीचा भाडेकरू ओट्यासकट उचलून नेतो. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात शिरलो तेव्हा छतातून तीन वायरी लोंबत होत्या आणि भिंतीतून नळाची दोन तोंडं. बॅटरीच्या उजेडात मुलाला पाव खायला घातला होता.

ताबा घेण्याच्या दिवशी मात्र घाई करू नका. त्याला आबनामे म्हणतात. त्या कागदावर सही होईपर्यंत काम नीट झालंय हे बिल्डरने दाखवायचं असतं, सहीनंतर ते बिघडलेलं आहे हे आपण. बांधकामाची हमी पाच वर्षं असते, पण भांडायचं आपण. आम्ही स्वतःचा तपासनीस नेला नाही, काहीशे युरो वाचवले. तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर दुसऱ्या पावसाळ्यात ओल आली. बिल्डरचं म्हणणं, तुम्ही खिडक्या उघडत नाही. झालं, तेव्हापासून मी दिवसातून तीनदा खिडक्या सताड उघडते, जानेवारीतसुद्धा, आणि ओल आहे तिथेच आहे.

वरची खोली आम्ही आईबाबांसाठी काढली. उतरत्या छताखालची, छान उजेडाची. जिना इतका उभा की बाबा पहिल्या रात्री वर चढले आणि सकाळी बसून बसून एकेक पायरी उतरले. एकदाच आले, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. आता तुमच्यासाठी महत्त्वाचं: ज्यांना नोकरीचा परवाना पहिल्यांदा १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर मिळाला, त्यांना काही अटींवर आईवडिलांना, सासूसासऱ्यांनाही, राहायला आणता येतं. अडतं ते बहुधा म्हाताऱ्या माणसांच्या आरोग्यविम्याशी, तेव्हा त्याची चौकशी आत्ताच करा. आम्हाला हे लागू नाही, आमचा परवाना जुना. त्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आहे. घर बघताना तळमजल्यावर एक खोली आणि संडास-बाथरूम आहे का ते आधी बघा, बाग नंतर.

आणि आता खरं ते. मुलगी आठ वर्षांची म्हणजे तुमच्याकडे फार तर दोन-अडीच वर्षं आहेत. बायर्नमध्ये प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. चौथीच्या मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रगतिपत्रक येतं, युबरट्रिट्स-त्सॉयग्निस. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. इथे १ सगळ्यात चांगला आणि ६ वाईट. २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा, त्यापुढे मिटेलशूल, जिथून मुलं बहुतेक हातचं काम शिकायला जातात. दहा वर्षांच्या पोराची अशी विभागणी. आमच्या मुलाला गणितात २, बाकी दोन्हींत ३. सरासरी २.६६. गिम्नाझियुम तिन्ही विषय मिळून एका अंकाने हुकलं.

परिसर अभ्यासाचा एक पेपर मी अजून जपून ठेवलाय. पाण्याचं चक्र. त्याने समुद्र, ढग, डोंगर काढून सगळे बाण अचूक दाखवले होते, खाली तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये तीन शब्द. बाजूला लाल शाईत: गांझे झेत्झे! पूर्ण वाक्यं लिही. निम्मे गुण गेले. पोराला पाणी कळलं होतं हो, वाक्य येत नव्हतं.

पुढचं अजून डाचतं. जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती आणि ज्यांची मातृभाषा वेगळी आहे, त्यांचे गुण जर्मन कच्चं असल्यामुळे कमी पडले असतील आणि ते भरून निघण्यासारखं असेल, तर शाळा ३.३३ सरासरीपर्यंतही गिम्नाझियुमला पात्र ठरवू शकते. नियमात तशी तरतूद आहे. आम्हाला कुणी सांगितली नाही. बाईंनी नाही, मुख्याध्यापकांनी नाही. मला दोन वर्षांनी दुसऱ्या एका आईकडून बसस्टॉपवर कळलं. त्या दिवशी घरी येऊन मी नियमाचं पान उघडून रडले, आणि मुलगा म्हणाला, ‘आई, मला आवडते माझी शाळा.’ तेही खरंच होतं. रेआलशूलनंतर तो फाखओबरशूलला, म्हणजे तिथून उच्च शिक्षणाकडे नेणाऱ्या शाळेत गेला आणि आता इंजिनिअरिंग शिकतोय. इथे दारं बंद होत नाहीत, वळसा पडतो एवढंच. तो विसरलाही. मीच विसरत नाही. धाकटी यंदा चौथीत आहे, घरात बहिणीसारखी माझ्याशी जर्मनमध्ये भांडते, परिसर अभ्यासात १ आणते आणि मला तिचा आनंद धड होत नाही.

तेव्हा घराचं असं करा. प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, गिम्नाझियुम किंवा रेआलशूल नाही. म्हणून आधी भाड्याने घर घ्या आणि मुलीची चौथी संपेपर्यंत तिथून हलू नका. तिसरी-चौथीत शाळा बदलणं म्हणजे नव्या बाई, नव्या मैत्रिणी, आणि त्यातच ते गुण. भाडेकरूला इथे सहजी काढता येत नाही, तुम्हाला मात्र तीन महिन्यांच्या नोटिशीवर निघता येतं. खरेदीचं त्यानंतर बघा. आम्ही घर घेतलं तेव्हा व्याज, बाजारभाव अशी बरीच कारणं सांगितली होती. खरं कारण म्हणजे दर रविवारी फोनवर ‘परत कधी येताय’ हा प्रश्न यायचा, आणि तीस वर्षांचं कर्ज हे त्यावरचं उत्तर होतं.

मुलगी कोणत्या महिन्यातली ते तुम्ही लिहिलं नाहीत, ते कळवा. शाळेत नाव घालायला गेलात की ते बहुधा म्हणतील, भाषा येईपर्यंत तिला दुसरीत बसवू. तुम्ही म्हणाल, ती तिकडे तिसरीत होती, वर्ष कशाला वाया घालवायचं. मुख्याध्यापकांनी आम्हालाही दुसरीच सुचवली होती. दोनदा. मी टेबलावर तिकडचं प्रगतिपत्रक ठेवलं, सगळ्या विषयांत अ, आणि म्हणाले, तिसरीच.