‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या कमांडर प्रकारात क्रीचरवर (म्हणजे लढणाऱ्या प्राण्यांच्या पत्त्यांवर) भर देणारा डेक चौघांच्या टेबलावर का हरतो?

बहुधा तुम्ही सगळे क्रीचर एकदम टेबलावर मांडता म्हणून. इथे प्रत्येकाचे 40 लाइफ (जीवन-गुण), म्हणजे तीन प्रतिस्पर्ध्यांचे मिळून 120. आणि त्या तिघांपैकी कोणाकडे तरी ‘रॅथ ऑफ गॉड’सारखा सगळे क्रीचर नष्ट करणारा पत्ता असतोच. एका पत्त्यात सगळं मैदान साफ.

एल्फ डेकचंच घ्या. कमांडर सोडून उरलेल्या 99 पत्त्यांत साधारण 35-36 लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायची ऊर्जा, देणारे पत्ते), तीसेक क्रीचर. ‘लानोवार एल्व्ह्ज’सारखे माना देणारे हवेतच, पण पत्ते ओढून देणारे त्याहून महत्त्वाचे. ‘बीस्ट व्हिस्परर’ असेल तर क्रीचर खेळला की एक पत्ता हातात, म्हणजे मैदान साफ झालं तरी हात रिकामा राहत नाही. तुमचे क्रीचर त्या फेरीपुरते अविनाशी करणाऱ्या ‘हिरोइक इंटरव्हेन्शन’साठी दोन माना राखून ठेवा, रॅथमधून ते वाचतात. ‘टॉक्सिक डेल्यूज’पुढे मात्र त्याचा उपयोग शून्य, कारण डेल्यूज क्रीचर नष्ट करत नाही, त्यांची ताकद आणि टिकाव (टफनेस) घटवतो, आणि टिकाव शून्यावर आला की अविनाशी क्रीचरही मरतो.

उगाच दर फेरीला हल्ला करून तिघांचा रोष ओढवून घेऊ नका. दहाएक क्रीचर जमले की जितके क्रीचर तितकी प्रत्येकाची ताकद वाढवणारा ‘क्रेटरहूफ बिहेमथ’ टाका, एकाच फेरीत निकाल लागतो. (महाग पत्ता आहे, घरगुती खेळात प्रॉक्सी (छापलेली नक्कल) चालते का, आधी विचारा.)