सांगलीत जुन्या सामानात सापडलेल्या 'पाठलाग'च्या गाण्यांच्या पुस्तिकेला संग्राहक विचारतील का?

हो, नक्की विचारतील, पण ती १९६४ सालची मूळ छपाई असेल तरच. मी स्वतः जुन्या मराठी चित्रपटांच्या पुस्तिका जमवतो. राजा परांजप्यांचा हा रहस्यपट त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला आणि त्याच कथेवर १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' आला. तरीही आज लोकांना हिंदीच आठवतो, मराठी मागे पडला. म्हणूनच त्याचा कागद हाती लागला की जीव हरखतो! शिवाय रहस्यपटाच्या पुस्तिकेतली खरी गंमत कथासारात असते. मृत पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी आरोपी, एवढ्यावर गोष्ट आणून सोडायची आणि पुढचं पडद्यावर पाहा म्हणायचं. थिएटरवर चार पैशांत मिळणारी ही पानं कुणी जपून ठेवली नाहीत, त्यामुळे ती दुर्मीळ झाली.

मूळ प्रत ओळखायला:
- कागद पातळ, कडांना पिवळसर. पांढराशुभ्र गुळगुळीत असेल तर नवी नक्कल समजा.
- पान उलटं करून तिरप्या उजेडात धरा. खिळ्यांच्या (म्हणजे धातूच्या अक्षरठशांच्या) छपाईचा दाब मागून जाणवतो.
- पिना गंजलेल्या असल्या तरी काढू नका.

किंमत मात्र अवस्थेवर ठरते. कृष्णेच्या २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी लागलं असेल, पानं चिकटली असतील, तर भाव फार उतरतो. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. विकायची नसेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा, तिथे अशा पुस्तिकाही जतन करतात.