मेल सर्व्हरला रॅम किती लागते?
लगेच १६ जीबीचा सर्व्हर घेऊ नकोस. वीस-पंचवीस जणांच्या ऑफिसची मेल पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) काहीशे एमबीत आरामात सांभाळतात. खरा खादाड म्हणजे मेलमधले व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही! व्हायरस सिग्नेचरची, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणांची, अख्खी यादी तो रॅममध्ये धरून बसतो, एकट्यालाच एक जीबीच्या वर लागते. त्यात यादी अपडेट होताना जुनी-नवी दोन्ही सोबत असतात, म्हणजे जवळपास दुप्पट. दोन जीबीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) नेमकी तेव्हाच रॅम संपते, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा क्लॅमएव्हीला बंद पाडतो आणि मेल रांगेत तुंबते. क्लॅमएव्हीच्या सेटिंगमधलं ‘कॉन्करंट डेटाबेस रीलोड’ बंद करून टाक, म्हणजे दोन्ही याद्या सोबत राहणार नाहीत. रीलोड होईपर्यंत स्कॅनिंग थांबतं, पण चालतं तेवढं. आणि हो, किती रॅम उरली ते बघायला ‘फ्री’ कमांडमध्ये ‘फ्री’चा नाही, ‘अव्हेलेबल’चा रकाना बघ, रिकामी नसलेली बरीच रॅम लिनक्सने कॅशेला (फायली तात्पुरत्या हाताशी ठेवायला) लावलेली असते, गरज पडली की सोडतो.