नाणेपेटी : मस्कतचा डॉलर आणि रांगोळीने घासलेला अर्धा

प्रश्न : आमचे पणजोबा मस्कतला एका खजूर व्यापाऱ्याकडे कारकून होते. त्यांच्या ट्रंकेत १८०४ सालचा अमेरिकन चांदीचा डॉलर सापडला आहे. मस्कतच्या सुलतानाला असाच डॉलर भेट मिळाला होता आणि त्याची किंमत कोटींत आहे, असे वाचले. आमचाही तिथूनच आला असेल का? विकायचा कुठे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : विकायचं मागाहून बघू. आधी ओळखीच्या सराफाकडे जा आणि त्याच्या काट्यावर नाणं ठेवा. सव्वीस ग्रॅम शहाण्णव, म्हणजे जवळजवळ २७ ग्रॅम भरलं तर पुढचं वाचा. बावीस-तेवीसवर काटा थांबला तर चहा घेऊन घरी या. माझ्यापुढे आजवर जेवढे १८०४ आले, त्यातला एकही सराफाच्या काट्यापुढे टिकला नाही. एक तर लोहचुंबकालाच चिकटला.

या सालाची गंमत अशी, की १८०४ मध्ये १८०४ चा डॉलर पाडलाच नव्हता. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने त्या वर्षी १९,५७० डॉलर पाडले खरे, पण जुन्याच ठशांवरून, म्हणजे त्यांच्यावर आधीचंच साल होतं. मग डॉलर पाडणं थांबलं. पुढे १८३४ मध्ये सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाला आणि मस्कतच्या सुलतानाला भेट म्हणून नाण्यांचे संच करायचा हुकूम निघाला. टांकसाळीच्या वहीत डॉलरची शेवटची नोंद १८०४ ची, म्हणून नव्या ठशावर तेच साल घातलं! तीस वर्षांनी पाडलेलं, मागचं साल मिरवणारं नाणं. त्या खेपेची आठ नाणी आज माहीत आहेत, नंतर टांकसाळीतच पुन्हा पाडलेली धरून एकूण पंधरा. सुलतानाच्या संचातली म्हणून ओळखली जाणारी प्रत २०२१ मध्ये लिलावात ७६ लाख ८० हजार डॉलरला गेली. तुम्ही वाचलंत ते हेच.

हे संच घेऊन एडमंड रॉबर्ट्स नावाचा अमेरिकेचा राजदूत ‘पीकॉक’ या जहाजातून निघाला होता. ओमानच्या मसिरा बेटाजवळ जहाज खडकावर चढलं, मस्कतला कसंबसं पोचलं, आणि दुरुस्तीसाठी १८३५ च्या ऑक्टोबरात थेट मुंबईच्या गोदीत आलं. डिसेंबरपर्यंत तिथेच होतं. सुलतानाची भेट देऊन झाली होती, सयामची अजून द्यायची होती. म्हणजे एक अस्सल १८०४ चा डॉलर महिनाभर मुंबईत मुक्कामाला होता! हे मला कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती. पण तो डॉलर पुढे बँकॉकला गेला, सांगलीला नाही.

वजन बरोबर भरलंच तर कडा बघा. त्या काळच्या डॉलरवर किंमत तोंडावर नाही की पाठीवर नाही, ती कडेवर कोरलेली : ‘हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट’. कडेला आजच्या नाण्यांसारखे दाते असतील तर विषय संपला. अक्षरंही असतील, तर मला कडेचा आणि ‘४’ या आकड्याचा फोटो जवळून काढून पाठवा. १८०१ ते १८०३ च्या खऱ्या डॉलरचा शेवटचा आकडा कोरून बदलायचीही जुनी खोड आहे. तसं निघालं तरी वाईट नाही, ते नाणंही अस्सलच.

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीहून १८२६ चा अर्धा डॉलर आणला. काळा पडला आहे. दिवाळीला चांदीच्या भांड्यांबरोबर उजळून घेऊ का? आणि प्रत (नाण्याचा दर्जा) ठरवून घ्यायला परत अमेरिकेला पाठवू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नका हो! माझ्याकडे १८३१ चा अर्धा होता, शिकागोच्या मावसभावाने दिलेला. मी बँकेत रोखपाल होतो, मळकं नाणं मला बघवत नसे. आईच्या डब्यातली रांगोळी घेतली, चिमूटभर मीठ, आणि घासला. आरशासारखा झाला. दुसऱ्या दिवशी एका जाणत्या संग्राहकाला दाखवला तर तो काहीच बोलला नाही, नुसतं भिंग खाली ठेवलं. रांगोळीच्या बारीक रेघा अजून नाण्यावरच्या लिबर्टी देवीच्या गालावर आहेत. तो काळसर थर दीडशे वर्षांत चढतो आणि दोन मिनिटांत उतरतो.

तुमच्या नाण्याबद्दल : १८२६ मध्ये असे ४० लाखांवर अर्धे पाडले, त्यामुळे दुर्मीळ नाही. नेहमीच्या वापरातली बरी प्रत शंभर डॉलरच्या आसपास पडते. मोड म्हणून तोललं तर आत शुद्ध चांदी जेमतेम बारा ग्रॅम, तेव्हा सराफाला मुळीच विकू नका. हे अर्धे बरेचदा चांगल्या स्थितीत मिळतात, कारण डॉलर पाडणं बंद असताना बँका तिजोरीत हेच साठवत. पिशव्या या बँकेतून त्या बँकेत जात, बाजारात फारसे फिरत नसत. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी, असं माझं मत. कडेवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ वाचता येतं का, तेवढं बघा.

परत पाठवण्याचं मात्र डोक्यातून काढा. शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. प्रत ठरवून घ्यायचीच होती तर मुलाने ती तिकडेच घ्यायची, आणायच्या आधी.

प्रश्न : आमच्या आजीच्या चांदीच्या रुपयांत अमेरिकन डॉलर वितळलेले आहेत, असे एक सराफ म्हणाले. थाप ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सराफ खरं बोलले असतील. पहिल्या महायुद्धात इथे लोक नोटा देऊन चांदी मागू लागले, सरकारकडे चांदी उरेना. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटींवर डॉलर वितळवले आणि त्यातली जवळजवळ २६ कोटींची चांदी ब्रिटिशांना विकली, हिंदुस्थानसाठी. ते बहुतेक १८७८ नंतरचे डॉलर, वर सांगितलेल्या जुन्यांशी त्यांचा संबंध नाही. आजीच्या रुपयांवर १९१८ किंवा १९१९ असेल तर ते वेगळे काढून ठेवा. आणि घासू नका.